माजघर अकरा बाय चौदा, स्पीकर एक लाख पासष्ट हजारांचे

प्रश्न : मी वेंगुर्ले तालुक्यातल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. वय ६१. घर चिऱ्याचं, कौलारू, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. माजघर अकरा बाय चौदा फुटांचं, वर लाकडी माळा. माझं ऐकणं तिथेच चालतं : नाट्यसंगीत, अभंग, केसरबाई, अभिषेकीबुवा आणि वडिलांच्या काही कॅसेट. ते दशावतारात पायपेटी वाजवायचे. आजवर आधी टेपरेकॉर्डरवर आणि मग मोबाइलवर भागवलं. आता निवृत्तीच्या पैशांतून स्वतःसाठी एक चांगली वस्तू घ्यावी असं वाटतं. कोल्हापूरला एका दुकानात दोन जोड्या ऐकल्या. एक ३८ हजारांची, टेबलावर मावणारी. दुसरी १ लाख ६५ हजारांची, उभी, माझ्या कमरेच्या वर येणारी. दुसरी फारच छान वाटली. पण परत येताना आंबोलीचा घाट उतरेपर्यंत मनात आलं, ती खरंच छान होती की किंमत ऐकून छान वाटली? भाचा म्हणतो, ‘मावशे, ह्या वयात तुका ह्यां कित्याक व्हयां? पाच हजाराचो ब्लूटूथ घे.’ दुकानदार म्हणतो, एकदाच घ्या, पुन्हा बघायला नको. महाग स्पीकर खरंच तेवढे वेगळे असतात का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, नमस्कार. एक लाख पासष्ट हजारांची जोडी घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. मात्र भाच्याच्या कारणासाठी नव्हे. या वयात कशाला, याचा खुलासा तुम्ही कुणालाही द्यायचं कारण नाही. जन्मभर वर्गातला कलकलाट ऐकलेल्या कानांनी आता निवांत अभंग ऐकले तर कुणाचं काय जातं? आणि पाच हजारांच्या डब्याने तुमचं समाधान होणार नाही, हेही मला तुमच्या पत्रावरून दिसतंय. माझी हरकत वेगळी आहे. ती उभी जोडी तुमच्या माजघरात ३८ हजारांच्या जोडीपेक्षा वाईट वाजण्याची बरीच शक्यता आहे. त्याकडे येतोच, पण आधी घाटात तुम्हाला आलेली शंका बघू. ती अगदी रास्त आहे.

फ्लॉइड टूल नावाचे संशोधक कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षं स्पीकरांचा अभ्यास करत होते. पुढे ते हरमन या कंपनीत गेले. तिथे त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी केलेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. कंपनीतल्याच माणसांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले; एकदा स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून, एकदा पडद्याआड. दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण मिळाले आणि लहानशा स्वस्त संचाला कमी. पडदा लागला आणि तो फरक बराच आकसला. ही माणसं आवाजाच्या धंद्यात काम करणारी होती. तेव्हा दुकानातल्या मंद दिव्यांत, चकचकीत लाकडासमोर बसून तुमचं मत थोडं झुकलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण भाच्याने यावरून लगेच ‘बघ, मी म्हणत होतो’ असं म्हणायला नको. याच संशोधकांना पडद्याआडून ऐकवतानाच आणखी एक गोष्ट आढळली. स्पीकरांमध्ये फरक असतो, ऐकणाऱ्याला तो कळतो, आणि चांगला कोणता याबाबत तयारीच्या कानांचं आणि साध्या कानांचं पुष्कळदा एकमत होतं. कुठलाच सूर उगाच पुढे न काढणारा, कुठलाच न दाबणारा, आणि समोर बसलेल्याला जसा तसाच बाजूला बसलेल्यालाही ऐकू येणारा स्पीकर लोकांना आवडतो. असा स्पीकर करायला अक्कल पुष्कळ लागते. पैसे लागतात, पण एका मर्यादेपर्यंतच.

दुकानात आणखी एक गोष्ट घडते, आणि त्यासाठी दुकानदार लबाडच असायला हवा असं नाही. बटण एकाच जागी ठेवलं तरी दोन स्पीकर सारखे मोठ्याने वाजत नाहीत. एका वॉटला, एक मीटरवर किती डेसिबल आवाज, या आकड्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. लहान जोड्यांचा तो बहुधा ८४ ते ८६ असतो, मोठ्या उभ्यांचा ८८ ते ९०. म्हणजे काहीही न हलवता मोठी जोडी तीन-चार डेसिबलने चढी वाजते. दोन आवाजांतला किंचित चढा आवाज कानाला भरीव आणि स्पष्ट वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक तर ‘मोठा’ म्हणून जाणवतही नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. तुम्ही दोन्ही जोड्या ऐकल्यात तेव्हा मधे कुणी आवाज सारखा करून दिला होता का? पत्रात तसं काही नाही, त्यामुळे नसावा असं धरतो.

आता जास्तीचे पैसे कशाचे पडतात ते पाहू. पाच हजारांवरून चाळीस हजारांच्या आसपास येताना मिळतं ते खूप आहे. ब्लूटूथच्या डब्यातले कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारे शंकू, दोन-तीन इंची, डबाही तेवढाच. हवा ढकलायला तिथे जागाच नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा खोल नाद तो काढूच शकत नाही; त्या नादाचे वरचे अंश, म्हणजे त्यात मिसळलेले चढे सूर, तेवढे काढतो आणि खालचा सूर आपला मेंदू पदरचा भरतो. चहा करताना ऐकायला चालतं. तासभर बसून ऐकलं की डोकं शिणतं. शिवाय डावं-उजवं एकाच डब्यात कोंबलेलं, त्यामुळे गायक कुठे बसलाय, पेटी कुठल्या बाजूला आहे, हे कळायची सोय नाही.

वडिलांच्या रंगमंचावरची तीन वाद्यं घ्या : पायपेटी, पखवाज, झांज. स्पीकर पारखायला याहून चांगला संच मुद्दाम शोधूनही मिळणार नाही. पखवाज वूफरची, म्हणजे खर्जाच्या मोठ्या कोनाची, परीक्षा घेतो, झांज ट्वीटरची, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या भागाची, आणि पेटी त्या दोघांमधल्या सांध्याची, जिथे क्रॉसओव्हर एकाकडून आवाज काढून दुसऱ्याकडे देतो. स्पीकर हलका असला की झांज नुसती ‘स्स’ करते, तिच्यातला धातू ऐकू येत नाही. पेटी सर्दी झाल्यासारखी येते. आणि पखवाजाचं, तबल्याचं तर खास आहे. पुडीवरच्या शाईमुळे त्याचे वरचे अंश मूळ सुराशी जुळतात, म्हणून आपलं हे वाद्य सुरात लावता येतं. १९२० साली सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर हे शास्त्रीय भाषेत मांडलं. ते सुरातलेपण ऐकू आलं तर स्पीकर कामाचा. नुसतं ‘धप्प’ ऐकू आलं तर त्याच्यावर कितीही सोनेरी अक्षरं असोत, पुढे चला. नीट बनवलेल्या ३८ हजारांच्या जोडीत हे सगळं ऐकू यायला हरकत नाही.

तिथून पुढे १ लाख ६५ हजारांपर्यंत जाताना काय मिळतं? आणखी खालपर्यंत जाणारा खर्ज. न फाटता आणखी मोठ्याने वाजायची ताकद. आतून आडव्या पट्ट्या घालून कडक केलेलं, स्वतः न थरथरणारं खोकं. थोडा अधिक मोकळा, स्वच्छ आवाज, हे नाकारणार नाही. आणि वर लाकडाचा सुंदर पातळ थर, वजनदार पितळी टर्मिनल, कंपनीचं नाव, आयातीचा खर्च, दुकानाचं भाडं. यातलं तुम्हाला काय हवंय ते बघा. माणसाचा गळा आणि पेटी ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या, खाली फारशी जातच नाहीत. डग्गा, पखवाज, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याखाली थोडी उतरते. तीस-चाळीस हर्ट्झचा खरा उपयोग चित्रपटातल्या स्फोटांना, इलेक्ट्रॉनिक संगीताला, चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनला. केसरबाईंचं बरंचसं ध्वनिमुद्रण तर ७८च्या तबकड्यांवरचं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली केसरबाईंची भैरवीही त्यातलीच. त्या तबकड्यांत खोल खर्जही नाही आणि अगदी वरचे बारीक अंशही नाहीत. आवाज सगळा मधल्या पट्टीत. तिथे महागडी जोडी तुम्हाला मुख्यतः तबकडीची खरखर जास्त तपशिलात ऐकवेल.

आता माजघर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून घुमतात. न्हाणीघरात गुणगुणताना एखादा सूर अचानक भरून येतो ना, तोच प्रकार. हिशेब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, उत्तर येतं सुमारे ४० हर्ट्झ. ११ फुटांचं येतं ५१. त्यांच्या दुपटींवर, म्हणजे ८० आणि १०२ वरही कमी-अधिक घुमार असतो. दुकानातली ती उभी जोडी साधारण ३५-४० हर्ट्झपर्यंत जोर लावत असणार, कारण तेवढ्यासाठीच तर तिचे जास्तीचे पैसे आहेत. म्हणजे तुमच्या खोलीच्या ४० आणि ५१ या दोन्ही जागांना ती रोज डिवचणार. काही ध्वनिमुद्रणांत डग्ग्याचा एखादा घुमका खोलीभर लोळत राहील आणि त्याखाली शब्द बुडतील. लहान जोडी साधारण ५५-६० च्या खाली आपणहून उतरत जाते, त्यामुळे ती ही खोड काढतच नाही. वरच्या ८० आणि १०२ चा प्रश्न दोघींनाही आहे, पण तो जागा बदलून बराच आवरता येतो.

तुमच्या घराची एक जमेची बाजू आहे. माळ्याच्या फळ्या आणि वरची कौलं थोडा खर्ज बाहेर जाऊ देतात. स्लॅबच्या बंद खोलीत तो सगळा आतच कोंडतो. चिऱ्याच्या जाड भिंती मात्र हलत नाहीत, आणि त्यांना सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर आवाज सरळ परत फेकतात. कोल्हापूरच्या दुकानात गालिचा, सोफे, जाड पडदे असणार. तिथलं ऐकणं जसंच्या तसं वेंगुर्ल्यात उतरेल या भरवशावर सव्वा लाख जास्त घालू नयेत.

मांडणीवर मात्र एक संध्याकाळ जरूर घालवा, तिला पैसे पडत नाहीत. स्पीकर कोपऱ्यात ढकलू नका, फडताळात तर नकोच; तिथे खर्ज फुगतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे काढा, दोघांत सहा-साडेसहा फूट ठेवा आणि तुम्ही दोघांपासून तेवढ्याच अंतरावर बसा. समभुज त्रिकोण, फळ्यावर काढायचात तोच. ट्वीटर बसल्या जागी कानाच्या उंचीवर यायला हवा. झोपाळ्यावर बसून ऐकत असाल तर त्रिकोण दर झोक्याला बिघडेल, तरी बसा. स्पीकर आणि तुमच्यामधल्या जमिनीवर सतरंजी, तुमच्या पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट किंवा जाड गोधडी, एवढ्याने गाण्याचे शब्द लगेच सुटे होतात. पातळ पडद्यांनी काही होत नाही. खडखड ऐकू आली तर आधी माळ्याची सैल फळी आणि कपाटाच्या काचा तपासा. स्पीकर बहुतेक वेळा निर्दोष असतो.

समुद्र दहा मिनिटांवर, हे वाक्य तुम्ही सहज लिहिलंत. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. खिडक्यांच्या गजांचं काय होतं ते तुम्ही बघताच. खारी हवा स्पीकरच्या स्क्रूंना, पत्र्याच्या चौकटीला, टर्मिनलला तेच करते, आणि किंमत बघून सवलत देत नाही. बहुतेक खोकी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची असतात. ओलीचं पाणी लागलं की एमडीएफ फुगतं आणि पुन्हा बसत नाही. वाळवीलाही ते आवडतं. वूफरच्या कडेची लवचीक पट्टी फोमची असेल तर दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो, म्हणून दुकानात बोट लावून विचारा आणि रबराचीच घ्या. मागे किंवा पुढे खर्जासाठी भोक असतं, त्यात पाली आणि झुरळं हक्काने राहायला जातात. उंदीर शिरला तर कोन कुरतडतो. वाजत नसेल तेव्हा त्यात फडक्याचा बोळा घालून ठेवा, आणि वाजवताना काढायला विसरू नका.

वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ‘एकदाच घ्या, पुन्हा बघायला नको’ हे दुकानदाराचं वाक्य मला पटत नाही. इथे बघावं लागतंच. जमिनीवर ठेवू नका, ओल मारणाऱ्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात दिवसाआड तरी अर्धा तास वाजवा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची ऊब राहते. बुरशी धरली तर जाळीचं कापड काढून उन्हात ठेवा. आणि बिघडलंच, तर ३८ हजारांच्या जोडीचा वूफर बदलणं तुम्हाला झेपेल. उभ्या जोडीचा एकेक स्पीकर पंचवीस-तीस किलोंचा असू शकतो. तो घाट चढवून दुरुस्तीला नेणं आणि परदेशातून सुटा भाग येईपर्यंत थांबणं, हे सगळं ऐन पावसात, ही कल्पना करून बघा.

विजेचंही तसंच. वैशाखअखेरीला आणि पाऊस जाताना कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. इंटरनेटची तांब्याची तार किंवा डिशची केबल अ‍ॅम्प्लिफायरला किंवा टीव्हीमार्फत जोडलेली असेल तर तीही. अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या; स्पीकरमधली बारीक घुंईं पुष्कळदा तिथूनच येते. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरेल. तो बदलायचा झाला तर साइन वेव्हचा घ्या. आणि आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असताना कुठल्याच स्पीकरचं बारीक काम ऐकू येत नाही. सव्वा लाख ज्या नाजूक फरकासाठी मोजायचे, तो वर्षातले निदान तीन महिने पावसाखाली जाणार.

एक गोष्ट थोडी अप्रिय, पण तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ लिहितो. पुस्तकात माणसाची श्रवणमर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ लिहिलेली असते. ती तरुण कानांची. वय वाढतं तसा वरचा भाग कमी होत जातो, साठीत तो बराच कमी झालेला असतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. त्यामुळे ‘४० हजार हर्ट्झपर्यंत वाजतो’ अशा जाहिरातीला पैसे मोजू नका. स्पीकर घेण्याआधी कानांच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. दोन कानांत फरक निघाला तर त्यावर इलाज करणं, किंवा निदान अ‍ॅम्प्लिफायरचा बॅलन्स कमी ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला थोडा वळवून बसणं, याचा फायदा कुठल्याही महागड्या ट्वीटरपेक्षा जास्त होईल.

आता खर्चाचं. दुकानदाराने तुम्हाला अ‍ॅम्प्लिफायरबद्दल काही सांगितलं का? उभ्या जोडीला तो वेगळा लागतो आणि १ लाख ६५ हजारांत तो बहुतेक धरलेला नसावा. ३८ हजारांच्या जोडीलाही लागेलच, तोही विचारून घ्या. आत अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकरही मिळतात, आटोपशीर असतात, शहरातल्या फ्लॅटसाठी मी तेच सुचवले असते. किनाऱ्यावर मात्र सुटा अ‍ॅम्प्लिफायर बरा. तो बिघडला तर तेवढाच उचलून कुडाळ-सावंतवाडीला नेता येतो, स्पीकर घरी राहतात.

वॉटच्या आकड्यांना भुलू नका. ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावरून, साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा वाजतो. आवाज तीन डेसिबलने चढवायचा तर वॉट दुप्पट लागतात, कानाला तो दुप्पट वाटायला हवा असेल तर दसपट. माजघरात बसून नाट्यपद ऐकताना तुम्ही दोन-चार वॉटच वापरत असाल. एकदम उठणाऱ्या थापेसाठी राखीव जागा धरून ४०-५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरून उरतो. स्पीकरच्या तारा म्हणून कुणी हजारोंची चंदेरी वेटोळी दाखवली तर हसून नको म्हणा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार या अंतराला पुरते. तिची टोकं खाऱ्या हवेने हिरवी पडतात. दर पावसाळ्यानंतर ती कापून नव्याने सोलायची, संपलं. स्टँड गावातल्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे करून घ्या, जड आणि न डुगडुगणारे. या सगळ्यात ३८ हजारांची जोडी धरूनही तुम्ही उभ्या जोडीच्या किमतीच्या अर्ध्याच्या आसपास थांबाल.

अर्थात दुकानातली ती एकच ३८ हजारांची जोडी घ्या असं मी म्हणत नाही. त्या किमतीच्या दोन-तीन जोड्या पुन्हा ऐका. ओळखीच्या दोन ध्वनिमुद्रणांवर ऐका, दुकानाच्या गुळगुळीत नमुन्यांवर नाही. एक स्त्रीचा आवाज, एक पखवाजाची साथ असलेला अभंग. प्रत्येक वेळी आवाज सारखा करायला लावा. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप मिळतं, ते ढोबळ असलं तरी एवढ्या कामाला चालतं. भाच्याला बरोबर न्या आणि कुठली जोडी वाजतेय हे न सांगता बदलायला सांगा; तुम्ही डोळे मिटून बसा. फरक कळला नाही तर स्वस्तातली घ्या. कळला आणि आवडला, तर दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी जाऊ द्यात. घरी लावून बघायला आठवडाभर देणार का आणि परत घेणार का, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या.

आणि हे सगळं करण्याआधी, या पावसाळ्याच्या आत, वडिलांच्या कॅसेट. पत्रात तुम्ही त्यांचा एका ओळीत उल्लेख केलात, पण पैशांचा पहिला वाटा मी तिथे काढला असता. स्पीकर पुढच्या वर्षीही मिळतील. दमट हवेत टेपला बुरशी धरते, कॅसेटमधली स्पंजची बारीक गादी सुटते, आणि मग आवाज येतच नाही. बाजूच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट अजिबात लावू नका, टेपवरचा आवाज वाचणारं हेडही खराब होईल आणि टेपही तुटेल. ती जाणकाराकडेच द्या. बाकीच्यांसाठी एक चालू स्थितीतला चांगला कॅसेट डेक मिळवा, उसना मिळाला तरी चालेल. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. मूळ रेकॉर्डिंग ज्या मशिनवर झालं त्याचा कोन थोडा वेगळा असला की आवाज गोधडीआडून आल्यासारखा दबका येतो. टेप चालू ठेवून तो स्क्रू अगदी हलकेच फिरवत राहायचं. एका जागी झांज एकदम उजळते, तिथे थांबायचं. जुने मेकॅनिक हे कानाने करायचे. प्रत्येक कॅसेटला पुन्हा करावं लागेल.

हे काम भाच्याचं. डेकमधून लॅपटॉपमध्ये आवाज घेण्यासाठी यूएसबीचं एक छोटं यंत्र लागतं, फार महाग नसतं. फाइल एमपीथ्री न करता डब्ल्यूएव्ही ठेवायला सांगा, आणि खरखर काढण्याचे उद्योग मूळ फाइलवर करू नकोस असं बजावा. ते प्रतीवर करू देत. कुठल्या गावच्या जत्रेतला प्रयोग, कुठलं आख्यान, साथीला कोण, हे तुम्हाला आठवतंय तोवर प्रत्येक फाइलच्या नावात घाला. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक मुंबई-पुण्याच्या कुणा नातेवाइकाकडे, समुद्रापासून लांब.